नाखव्याच्या होडीचा आवाज

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या कुंड्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेत होते. गेल्याच आठवड्यात मी त्या दुसऱ्या टोकाकडून पहिल्या टोकाला आणल्या होत्या. "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा ना दिवाळी अंकासाठी," बाई म्हणाल्या, "वाचकांना जरा हलकंफुलकं आवडतं." मी म्हटलं, माझी नोकरी लोकांना नाही म्हणण्याची होती, त्यात हलकं काय सापडणार तुम्हाला? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तेच लिहा. म्हणून बसले आहे. बसले म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठते, कुकरकडे बघते, खिडकी उघडते, लावते, परत येते. निवृत्त झाल्यापासून हा रोगच लागलाय. सुभाष, म्हणजे आमचे हे, म्हणतात, "विजू, तू बसलीस की मला भीती वाटते, आता काय उचलून कुठे ठेवशील."

माझं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत इतकी वर्षं काढूनही निम्म्या लोकांना मी विद्यापीठात शिकवायचे असंच वाटतं. मी शिकवलं कधीच नाही. मी वकील. दिंडोशीच्या कोर्टात काही वर्षं दावे चालवले, तारखांना कंटाळले, आणि उपनगरातल्या एका विद्यापीठात करार वाचायच्या नोकरीला लागले. एखादी कंपनी किंवा खातं प्राध्यापकाला म्हणतं, आम्हाला अमुक गोष्ट शोधून द्या, खर्च आम्ही करतो. त्याचा करार होतो. त्या करारावर सही होण्याआधी तो माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो शेवटून सुरुवातीकडे वाचायचे, कारण लोक लाजिरवाण्या गोष्टी नेहमी शेवटी लिहितात.

आमच्या विद्यापीठाचा एक जुना नियम होता. कुठल्याशा जुन्या कुलगुरूंनी केलेला, एका ओळीचा: ज्या संशोधनाचे निकाल उघडपणे छापता येणार नाहीत, ते संशोधन आमच्या आवारात होणार नाही. त्यात लष्कर, शस्त्र, युद्ध असला एकही शब्द नव्हता. पण हेतू तोच होता. मारायची साधनं बनवणाऱ्याला गुप्तता लागते. ती मिळाली नाही की तो आपणहून दुसरीकडे जाईल, असा त्या कुलगुरूंचा हिशेब. मला हा नियम इतका आवडायचा की काय सांगू. कोणावर आरोप नाही, भाषण नाही, फक्त दार उघडं ठेवायचं. करारात "पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये" असं काही दिसलं की मी पेन्सिलीने गोल करायचे आणि फाईल परत पाठवायचे. कॅन्टीनमध्ये माझं नाव 'फाटक' पडलं होतं. समोर कोणी म्हणायचं नाही, पण मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराच होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला एक ड्रोनवाला आला होता, आंब्याच्या बागेत औषध फवारण्यासाठी ड्रोन हवा म्हणून. सवयीने शेवटचं पान आधी वाचलं तर ड्रोन अंधारात उडायला हवा, दिवा नको आणि आवाज तर अजिबात नको. मी विचारलं, "आंब्याची झोपमोड होते का हो?" बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, ऑर्डर कुठूनही येते, आपण आधी बनवून ठेवायचं ना." दुसरे आमच्याच वस्त्रविभागाचे प्राध्यापक. त्यांनी अंगातली ऊब बाहेर दिसू न देणारं कापड काढलं होतं, आणि खर्च करणाऱ्या कंपनीने करारात लिहिलं होतं, बेकरी कामगारांच्या सोयीसाठी. मी म्हटलं, सर, बेकरीतल्या माणसाला अंधारात दुर्बिणीतून कोण शोधतंय? ते माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत. दोन्ही फायली परत गेल्या.

घरी मात्र माझं फाटक चालायचं नाही. सुभाष आयुष्यभर नौदलाच्या गोदीत कामाला. जेवताना मी असलं काही सांगितलं की ते भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "तुमचं बरं आहे. हात स्वच्छ ठेवायचे आणि घरात निवांत झोपायचं. बाहेर पहारा कोण देतं?" मी मुंबईत जन्मले, मुंबईत वाढले, समुद्रातून काय येऊ शकतं हे मला कोणी सांगायला नको. त्यामुळे मी आमटी वाढायचे.

आता सायलीकडे येते. तिच्याचसाठी हे लिहायला घेतलंय, तिला विचारून आणि माणसांची नावं बदलून.

सायली चारकोपच्या सेक्टरमधली मुलगी. आजोबा गिरणीत, वडील आधी गिरणीत आणि मग मालाडच्या एका ऑफिसात सुरक्षारक्षक. मूळ गाव मालवणकडे. आमच्याकडे कर्णिक सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय होता घोळ माशाचा आवाज. हो, घोळ बोलते. पोटातल्या भोताच्या, म्हणजे हवेच्या पिशवीच्या, आधाराने ती घुमल्यासारखा टुक टुक आवाज काढते, आणि जुने कोळी वल्ह्याची पात पाण्यात सोडून दांडा कानाला लावतात नि खाली घोळ आहे की नाही ते सांगतात. हे सायलीला शिकवलं मालाडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या धर्मा नाखव्याने. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि तिच्यावरचा मुख्य माणूस. सायली त्याला मामा म्हणायची. तो तिला होडीवर न्यायचा, ती पाण्यात माईक सोडायची आणि तासन् तास आवाज भरून आणायची. घोळ कमी झाली आहे, कुठे उरली आहे ते आवाजावरून कळलं तर तिच्या विणीच्या दिवसांत तिथे जाळी टाकायची नाहीत, असं कोळीवाड्यातल्या लोकांशी ठरलेलं. या कामाचा खर्च अंधेरीची एक कंपनी करत होती, समुद्रात वापरायची उपकरणं बनवणारी. करार मीच वाचला होता. त्यात मी आग्रहाने घातलं होतं की निकाल कंपनीला जगाबरोबरच मिळतील, आधी नाही. कंपनीने हूं का चूं केलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

अडचण अशी होती की पाण्याखाली माशापेक्षा इंजिनाचा आवाज मोठा. तांदळातले खडे काढायचे तर खडा कसा दिसतो ते आधी माहीत हवं. म्हणून सायलीने खडे गोळा केले. कोळीवाड्यातल्या प्रत्येक होडीचा पाण्याखालचा आवाज तिने वेगळा भरला, रिकाम्या होडीचा, भरलेल्या होडीचा, हळू जाताना, जोरात जाताना. मग संगणकाला शिकवलं, हे सगळं वजा कर, उरेल ती घोळ. झकास काम झालं. कर्णिक सर तर तिच्याबद्दल बोलताना खुर्चीतून उभेच राहायचे.

प्रबंध तयार झाला आणि कंपनीचे गृहस्थ मला भेटायला आले. निवृत्त अधिकारी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अत्यंत अदबीचं. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे, मीही तेच म्हणते. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. सायलीची तोंडी परीक्षा बंद खोलीत घ्यावी, आणि होड्यांच्या आवाजाचा संग्रह ग्रंथालयात न ठेवता त्यांच्याकडे द्यावा. बदल्यात सायलीला त्यांच्याकडे कायमची नोकरी. त्यांना तांदूळ नको होता, खडे हवे होते.

"मॅडम, मी काही लपवत नाही," कॅप्टन म्हणाले. "पाण्याखाली माईक लावले की किनाऱ्याकडे येणारी प्रत्येक होडी कानाने ओळखता येईल. ओळखीच्या सगळ्या होड्या कळल्या की अनोळखी आपोआप कळते. यात वाईट काय?"

वाईट काय ते मला पटकन सांगता आलं नाही. पण नियम सांगता आला. बंद खोलीत परीक्षा आमच्याकडे होत नाही. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. सूचनाफलकावर कागद लागतो, कोणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा. कुलगुरूंपुढे बैठक झाली. मी नियम वाचून दाखवला, कॅप्टननी मुद्दे मांडले, कर्णिक सर छताकडे बघत राहिले. कुलगुरू माझ्या बाजूने झुकले. मी तरंगत घरी आले आणि साबुदाणा वडे तळायला घेतले. सुभाष स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "देशाच्या कामाला नाही म्हटलंस आणि वडे तळतेस?" वडे मात्र त्यांनी भरपूर खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सायलीचे वडील ऑफिसात आले. गणवेशावरच, ड्युटी संपवून. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"मॅडम, माझ्या चेडवाचा काय चुकला, ता माका सांगा."

मी म्हटलं, तिचं काहीच चुकलं नाही.

"नोकरी दारात इली होती. ती तुमी परत धाडलास."

मी नियम समजावला. शस्त्रं, गुप्तता, विद्यापीठ, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी मला तोडलं नाही. मग म्हणाले, "नियम बरो आसा. पण तो माझ्याच चेडवार कित्याक?" चहा मागवला होता, तो न घेताच गेले. मी दिवसभर टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे करत राहिले. इतक्या वर्षांत फायली परत पाठवल्या होत्या. फाईलच्या पलीकडचा बाप पहिल्यांदा समोर उभा राहिला होता.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन मागे बसले. खुल्या परीक्षेला एरवी कोण येतं? उमेदवाराचे मित्र, घरचे, आणि समोशांच्या वासावर आलेले दोघे-तिघे. आमच्याकडे उमेदवाराने सगळ्यांना समोसे खाऊ घालायची रीतच आहे, नियमात नसली तरी नियमाहून पक्की. सायलीचे वडील पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत. मधल्या रांगेत धर्मा नाखवा, बायको आणि कोळीवाड्यातली माणसं. सायलीनेच बोलावलेली, सगळी लग्नाला आल्यासारखी नटून. आणि माझ्याच रांगेत, दोन खुर्च्या सोडून, कॅप्टन. मांडीवर वही, हातात पेन.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसून हळूच म्हणाले, "खुली परीक्षा आहे ना, मॅडम? आम्हीही जनताच."

मला तेव्हा कुठे दिसलं. परीक्षा संपली की प्रबंध आणि सोबतचे सगळे आवाज ग्रंथालयात जाणार होते, आमच्याच नियमाने, कोणालाही ऐकायला मोकळे. आजवर मी चोरदारं बंद करत आले होते आणि पुढचं दार मीच सताड उघडं ठेवलं होतं. कॅप्टनना आता करार नको होता, परवानगी नको होती, सायलीही नको होती. त्या नियमाचा मला इतका अभिमान, आणि तो असा माझ्याच अंगावर आला. मला उठून जावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, आणि मी नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले.

सायली सुरेख बोलली. बाहेरून आलेले परीक्षक खूश दिसत होते. शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, सभागृहातून कोणाला काही विचारायचं आहे का? हा प्रश्न विचारेपर्यंत एरवी लोक समोशांकडे वळलेले असतात. धर्मा नाखवा उभा राहिला.

"पोरी, ह्यान माझे होरीचा आवाज हाय?"

"आहे, मामा."

"तो कोनाला आयकू येल?"

सायलीने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "सगळ्यांना. लायब्ररीत ठेवणार आहेत. कोणीही ऐकू शकतं."

नाखव्याने कॅप्टनकडे हात केला. "बाहेर चाय पिताना ह्या सायबांनी मना सांगितला, तुमची होरी आता पान्याखालून पन वलखू येल. मी आवाज दिला तो घोलीसाठी. माझे होरीवर पालत ठेवायला नाय दिला."

कॅप्टन उभे राहिले. आवाज चढवला नाही, उलट समजुतीनेच बोलले. "नाखवा, तुमची होडी ओळखीची झाली तर तुम्हालाच त्रास कमी होईल. कोणी अडवणार नाही."

"सायेब," नाखवा म्हणाला, "वलखीचे मानसालाच पयला धरतान. आमी बगितलाय."

कोळीवाड्याची माणसं एकदम बोलायला लागली. अध्यक्ष टेबल वाजवत होते. परीक्षक चष्मा काढून पुसत म्हणाले की आवाजांचा संग्रह काढून टाकला तर निष्कर्ष तपासताच येणार नाही, आणि तपासता येत नाही त्याला पदवी कशी द्यायची? शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. आणि कॅप्टनही पूर्ण चूक नव्हते, नाखवाही नव्हता. मला प्रत्येकाचं खरं वाटत होतं.

सायली म्हणाली, "सर, त्यांनी नको म्हटलं तर हे आवाज माझे नाहीत."

"सायली, गप्प बस," कर्णिक सर दबक्या आवाजात म्हणाले. "वाट लागेल सगळ्याची."

"मी परत करते, सर. इंजिन बंद ठेवून. नुसत्या वाहत्या होडीतून."

"अगं, वेडी आहेस का? त्याला किती वेळ जाईल!"

"माहितीये मला."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. फाटक काय म्हणतं ते बघायला. मी उभी राहिले. म्हटलं, ज्याने आवाज दिला त्याला निकाल छापून होण्याआधी तो परत मागता येतो. संमती देणाऱ्याचा तो हक्कच आहे. आजवर कोणी मागितला नाही, इतकंच. अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि प्रबंध सुधारणांसाठी परत केला. वाटलेल्या प्रती गोळा झाल्या. कॅप्टननी वही मिटली, सायलीजवळ गेले, "यू आर अ ब्रेव्ह गर्ल" म्हणाले आणि निघून गेले. तिचे वडील तिच्याशी न बोलता बाहेर पडले. समोसे बहुतेक तसेच राहिले.

आवाज पुसायचे तर ज्यांचे त्यांच्यासमोर पुसायचे असं सायलीनेच ठरवलं. कोळीवाड्यातले लोक प्रयोगशाळेत आले, मी साक्षीला. तिने प्रत्येक होडीचा आवाज एकदा लावला आणि मग काढून टाकला. माणसं आपापली होडी ऐकून लहान मुलांसारखी खिदळत होती. मध्येच एकाने गंमत म्हणून सायलीला पडद्याकडे पाठ करायला लावली. ती नुसतं ऐकून सांगत गेली. ही किसनकाकांची. ही हिराबाईंच्या मुलाची, हिचा पंखा जरा वाकलाय. एकही चुकली नाही. नाखव्याची सर्वात शेवटी लागली. तो डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "पुरे," आणि सायलीने बटण दाबलं.

कंपनीने करार संपवला. सायली पुढचे हंगाम नाखव्याबरोबर जात राहिली; इंजिन बंद करायचं आणि पाणी नेईल तिकडे जायचं. जे मिळालं ते थोडंच होतं. पदवी मिळाली, पण परीक्षकांनी अहवालात "मर्यादित" हा शब्द लिहिला आणि तो शब्द पुढे प्रत्येक मुलाखतीला तिच्याआधी जाऊन बसायचा. कर्णिक सर माझ्याशी बोलले ते थेट माझ्या निरोप समारंभात, तेही ढोकळा पुढे करताना. मी निवृत्त झाले आणि कुंड्या हलवायला लागले.

रात्री जाग आली की मी मनात हिशेब मांडते. नियम वाचवला, त्यात एका मुलीची नोकरी गेली. समुद्रावर पहारा हवा की नको? हवा. मग तो नाखव्याला विचारून का होत नाही? सुभाषना विचारलं तर ते म्हणतात, "विचारत बसलं तर पहारा कसला?" मग मी रागाने कूस बदलते. राग त्यांच्यावर नसतो.

या वर्षी मालाडच्या बाजारात सायली भेटली. कांदिवलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वर्गात उभी राहील तेवढ्या तासांचाच पगार, सुट्टीत घरी बसायचं. वाळली होती, पण चेहरा तोच. मला बघून तिने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मध्यंतरी कॅप्टननी बोलावलं होतं."

"कशाला?"

"नोकरीसाठी. कायमची. चांगली होती, मॅडम." तिने पिशवी पायाशी ओढून घेतली. "त्यांनी आता स्वतःच आवाज भरलेत. समुद्रात माईक सोडला की झालं, त्याला आपली गरज कुठे आहे? केबिनमध्ये नेलं, हेडफोन दिले आणि एक आवाज लावला."

"मग तू कशाला हवी होतीस?"

"आवाज आहेत, नावं नाहीत. म्हणाले, ही होडी कोणाची ते सांगा, उद्यापासून या."

भोवती गर्दी होती, कोणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं. मला भररस्त्यात बसावंसं वाटलं. आम्ही साक्षीदार ठेवून, समारंभ करून आवाज पुसले होते, आणि या मुलीच्या कानातलं कोण पुसणार होतं? विद्यापीठाचं दार बंद करा नाहीतर उघडं ठेवा, शिकलेलं माणूस तर रोज संध्याकाळी त्या दारातून बाहेर पडतंच. हा विचार मला एवढ्या नोकरीत एकदाही शिवला नव्हता.

"ओळखलास आवाज?" मी विचारलं.

"लगेच. धर्मा मामांचीच होडी."

"काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हटलं. त्यांनी परत लावला. मी परत तेच म्हटलं."

"घरी बाबांना?"

"त्यांना जागा आधीच भरली होती असं सांगितलं."

आणि मग सुभाषचा प्रश्न माझ्याच तोंडून बाहेर पडला. "सायली, समजा तो आवाज खरंच कोणा परक्याचा असता, वाईट हेतूने आलेल्या होडीचा, तर?"

"तर सांगितलं असतं, मॅडम. पळत जाऊन सांगितलं असतं. मी कॅप्टनना म्हटलंही तसं. ते म्हणाले, असं निवडून चालत नाही, एकतर सगळी नावं द्या नाहीतर नको."

तिला जवळ घ्यावं की तिच्या बापाच्या वतीने तिच्यावर ओरडावं ते कळेना. मी नुसता तिचा हात धरला. ती मात्र हसायला लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तुम्हाला खरं सांगू का? नाही म्हणायचं अवघड नव्हतं. होडी भरलेली होती, मॅडम. इंजिन ओझ्याने घुमत होतं, ऐकूनच कळत होतं. किती दिवसांनी मामांना मासळी लागली होती, आणि मला समोर तीन माणसं बसलेली असताना चेहरा कोरा ठेवायचा होता."